कानामागची गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया: निर्णय कशावर बेतायचा?

एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून तपासणी होते, एमआरआय निघतो आणि रिपोर्टवर ‘अकूस्टिक न्यूरोमा’ किंवा ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे शब्द दिसतात. दोन्ही एकाच गाठीची नावं. त्याच रात्री घरातले सगळे मोबाइलवर शोधायला बसतात. ‘मेंदूची शस्त्रक्रिया’ वाचून पोटात गोळा येतो. थोडं खाली ‘एंडोस्कोपिक पद्धत, लहानसा छेद, लवकर घरी’ असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पहिला प्रश्न जातो तो हाच: ‘दुर्बिणीतून होईल ना?’

प्रश्न रास्त आहे. दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, या शस्त्रक्रियेत खरोखर उपयोगाची आहे. पण ती ज्या कामासाठी उपयोगाची आहे ते काम आणि लोकांना तिच्याकडून असलेली अपेक्षा यांत मोठं अंतर आहे. लहान छेदाच्या ओढीने डॉक्टर, पद्धत आणि वेळ ठरवली जाते, आणि ज्यावर पुढची तीस वर्षं अवलंबून असतात त्या गोष्टी विचारायच्या राहून जातात. म्हणून हे सगळं मुळापासून समजून घेऊ.

गाठ नेमकी कुठे असते

कानापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेला आठवी नस म्हणतात. तिचे दोन भाग असतात. एक ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. नसेभोवतीचं आवरण ज्या पेशींचं बनतं त्या पेशी, बहुतेक वेळा तोलाच्या भागावर, बेसुमार वाढू लागतात आणि गाठ तयार होते. ही गाठ कर्करोगाची नसते आणि शरीरात इतरत्र पसरत नाही. दरवर्षी साधारण लाखात एक-दोन जणांना ती सापडते. एमआरआय सर्रास होऊ लागल्यापासून हे प्रमाण वाढलेलं दिसतं, कारण पूर्वी कळतही नसत अशा बारीक गाठी आता दिसतात. पन्नाशीच्या आसपासचे रुग्ण जास्त असतात. दोन्ही कानांकडे गाठी असतील तर मागे आनुवंशिक आजार असू शकतो. त्याचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो, त्यामुळे तो इथे बाजूला ठेवतो.

अडचण जागेची आहे. कानामागच्या कठीण हाडात जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा आणि काही मिलिमीटर रुंदीचा एक बोगदा असतो. त्यातून चार दोर जातात: तोलाचे दोन, ऐकण्याचा एक आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या सातव्या नसेचा एक. आतल्या कानाला रक्त पुरवणारी बारीक रोहिणीही तिथूनच जाते. गाठ बहुधा या बोगद्यात सुरू होते. वाढली की बोगद्याच्या तोंडातून बाहेर, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत येते. देठ म्हणजे श्वास, हृदयाचे ठोके आणि शुद्ध यांचा कारभार पाहणारा भाग. गाठ फक्त बोगद्यात आहे, बाहेर डोकावते आहे, देठाला टेकली आहे की देठाला ढकलते आहे, यावरून डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पुढचे बहुतेक निर्णय या पायरीवरून ठरतात.

सुरुवातीची लक्षणं साधी असतात. त्या कानाला फोन लावला की आवाज येतो पण शब्द उमजत नाहीत. कानात सतत सूं सूं होतं. अंधारात चालताना झोक जातो. असा त्रास एकाच बाजूला असेल तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नये.

आधीचा प्रश्न: आत्ता काढायलाच हवी का?

‘गाठ आहे म्हणजे काढलीच पाहिजे’ हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की ‘थांबून पाहू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल शंका येते. पण या गाठीचा स्वभाव संथ आहे. वाढली तरी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढते, आणि कित्येक गाठी वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतात. डेन्मार्कमध्ये अशा रुग्णांवर दीर्घकाळ ठेवलेल्या लक्षाचा अहवाल 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोगद्यातच असलेल्या गाठींपैकी सुमारे 17 टक्के, आणि बाहेर आलेल्यांपैकी तीस टक्क्यांच्या आत गाठी वाढल्या. बाकीच्या वाढल्या नाहीत. म्हणून लहान गाठ असेल तर सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी एमआरआय करत लक्ष ठेवणं हा हेळसांडीचा प्रकार नाही. तो रीतसर उपचारमार्ग आहे.

दुसरा मार्ग किरणांचा. स्वीडिश शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी ‘गामा नाइफ’ हे यंत्र घडवलं आणि 1969 मध्ये या गाठीवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. नावात सुरी असली तरी यात कापाकापी नसते. अनेक बाजूंनी येणारे बारीक किरण गाठीवर एकवटतात. गाठ नाहीशी होत नाही, पण दहापैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये तिची वाढ थांबते. साधारण अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी हा पर्याय असतो. किरणांनंतर काही महिने गाठ थोडी सुजून मोठी दिसू शकते, तेव्हा घाबरून लगेच शस्त्रक्रियेकडे धावू नये. ऐकू येणं मात्र इथेही वर्षागणिक कमी होत जातं. किरणांमुळे साध्या गाठीचा कर्करोग होण्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. अशा घटना नोंदलेल्या आहेत, पण अत्यंत विरळ.

थांबावं की लगेच किरण द्यावेत, याची नॉर्वेत पद्धतशीर चाचणी झाली. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ नव्याने सापडलेल्या 100 रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले आणि चार वर्षं लक्ष ठेवलं. 2023 मध्ये निकाल आला. किरण दिलेल्या गटातल्या गाठी आकाराने कमी राहिल्या, पण ऐकणं, तोल आणि रोजचं जगणं यांत दोन गटांमध्ये फारसा फरक दिसला नाही. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या चार वर्षांत कोणताच उपचार लागला नाही.

मग शस्त्रक्रिया कुणासाठी? गाठ मोठी होऊन देठाला ढकलते आहे, मेंदूभोवतीच्या पाण्याचा मार्ग अडला आहे, चेहऱ्यात असह्य कळा येतात, गाठीत पाण्याच्या पिशव्या आहेत, तरुण वयात गाठ वाढताना दिसते आहे, किंवा ऐकू येणं अजून चांगलं आहे आणि लहान गाठ काढून ते टिकवण्याचा प्रयत्न करायचा आहे. दुर्बिणीचा प्रश्न यानंतरचा आहे. शस्त्रक्रियेची गरज नसलेल्याला ती लहान छेदातून केली, म्हणून ती गरजेची होत नाही.

शस्त्रक्रियेत खरं अवघड काय असतं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्यांदा ही गाठ काढली गेली तेव्हा सर्जन बोटाने ती खरवडून काढत आणि बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेतले हार्वे कुशिंग यांनी 1917 मध्ये या गाठीवर पुस्तक लिहिलं. गाठ आतून पोखरायची आणि तिचं आवरण देठाला चिकटलेलं तसंच ठेवायचं, अशी त्यांची पद्धत होती. मृत्यू खूप कमी झाले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढायची. 1960 च्या दशकात लॉस एंजेलिसमधले कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणला आणि कानाच्या हाडातून जाणारे मार्ग रुळवले. तिथून ध्येय बदललं. रुग्ण वाचवायचाच, शिवाय त्याचा चेहराही वाचवायचा.

चेहरा का, तर ती सातवी नस. गाठ वाढते तशी ही नस ताणली जाते, चपटी होते आणि गाठीच्या अंगावर पसरते. मोठ्या गाठीत ती इतकी विरळ होते की नजरेला गाठीचंच आवरण वाटावं. तिला इजा झाली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. ओठाचा कोपरा लोंबतो, तोंडातलं पाणी ओघळतं. सर्वांत वाईट म्हणजे डोळा मिटत नाही. डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला दिवसभर डोळ्यात थेंब आणि रात्री मलम घालावं लागतं. चेहऱ्याची हालचाल किती उरली हे मोजायला 1985 पासून सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी जगभर वापरतात. पहिली पायरी पूर्ण चांगला चेहरा, सहावी पूर्ण लुळा. सर्जनशी बोलताना हाच आकडा विचारायचा असतो.

गाठीपर्यंत जायचे रूढ मार्ग तीन. पहिला कानामागून, कवटीत छिद्र पाडून लहान मेंदूच्या कडेने. दुसरा आतल्या कानाचं हाड पोखरून. तो सरळ बोगद्याच्या टोकाशी नेतो, पण त्यात त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. तिसरा कानाच्या वरून, लहान गाठींसाठी. दुर्बिणीची खरी गोष्ट घडते ती मुख्यतः पहिल्या मार्गात.

सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण: फरक कुठे पडतो

शेजारच्या खोलीत काय आहे ते तुम्हाला दाराबाहेर उभं राहून बघायचं आहे, असं समजा. टॉर्च कितीही प्रखर असो, समोरची भिंत लख्ख दिसते, पण दाराच्या बाजूचा कोपरा दिसत नाही. तो बघायचा तर दार मोठं करा, नाहीतर डोकं आत घालून वळून बघा. सूक्ष्मदर्शक रुग्णाच्या डोक्याबाहेर असतो आणि सरळ रेषेत बघतो. तो दाराबाहेरचा माणूस. दुर्बीण म्हणजे आत घातलेलं डोकं.

ही दुर्बीण पोटाच्या तपासणीत गिळतात तशी लवचीक नळी नसते. ती पेन्सिलीहून बारीक, तीन-चार मिलिमीटर जाडीची, ताठ धातूची नळी असते. आत काचेच्या कांड्या बसवलेल्या असतात. ही रचना ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1960 च्या सुमारास केली. टोकाची भिंग सरळ बघणारी किंवा 30, 45, 70 अंशांनी तिरकं बघणारी असते. तिरकी भिंग कोपऱ्यामागचं दाखवते, आणि याच एका गुणासाठी तिला या शस्त्रक्रियेत जागा मिळाली.

शेवटचे दोन-तीन मिलिमीटर

कानामागच्या मार्गाने चाललेली शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणा. गाठीचा बाहेरचा भाग आतून पोखरून लहान केला आहे, आणि बोगद्यातला तुकडा उरला आहे. तो काढायला सर्जन बोगद्याची मागची भिंत डायमंडच्या बारीक बरने, म्हणजे हाड घासणाऱ्या गरगर फिरत्या टोकाने, घासत जातो. वरून सतत पाणी सोडलं जातं, हाडाचा चुरा शोषून घेतला जातो. पण भिंत अगदी टोकापर्यंत घासता येत नाही. तिथे लगतच आतल्या कानाच्या तोलाच्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. बर त्यांत शिरला की ऐकणं गेलंच. ज्याच्यासाठी हा मार्ग निवडला तेच हातचं जाणार. म्हणून सर्जन दोन-तीन मिलिमीटर आधी थांबतो.

त्या तेवढ्या भागात गाठ आहे का, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग एकच वाट राहते: वाकडं टोक असलेलं हत्यार आत घालून स्पर्शाच्या अंदाजाने गाठ ओढून काढायची. तिथेच सातवी नस आणि ऐकण्याची नस असते. इथे 30 किंवा 45 अंशांची दुर्बीण घातली की टोकाचा सगळा भाग पडद्यावर उजेडात येतो. गाठीचा कण मागे राहिला असेल तर तो दिसतो आणि नजरेखाली काढता येतो. अंदाजाची जागा नजर घेते. दुर्बिणीचा हा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि बातम्यांमध्ये नेमका हाच नसतो.

दुसरा फायदा पाण्याचा. कानामागचं हाड बऱ्याच जणांत पोकळ कप्प्यांचं असतं. बोगदा घासताना हे हवेचे कप्पे उघडे पडतात. एखादा कप्पा बुजवायचा राहिला तर मेंदूभोवतीचं पाणी त्यातून मधल्या कानात आणि तिथून नाकाच्या मागे झिरपतं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी रुग्ण खाली वाकला की नाकातून नितळ पाणी टपटपतं. सर्दी समजून ते दुर्लक्षिलं गेलं तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. दुर्बिणीने आत वळून पाहिलं की आडोशाचे कप्पेही दिसतात आणि मेणाने किंवा स्नायूच्या तुकड्याने बंद करता येतात.

दुसऱ्या मार्गात, आतला कान पोखरून जाताना, बोगद्याचं टोक आपोआपच समोर येतं. तिथे दुर्बिणीने मिळणारी भर थोडी असते. त्यामुळे ‘आम्ही हे दुर्बिणीशिवाय करतो’ म्हणणारा सर्जन जुनाट पद्धतीचा आहे असं समजू नये. त्याच्या मार्गात बहुधा तिची गरजच पडत नसते.

दुर्बिणीच्या अडचणीही तितक्याच खऱ्या

पहिली अडचण हाताची. शल्यविशारद एका हाताने शोषनळी आणि दुसऱ्याने हत्यार धरतो. दुर्बीण धरायला तिसरा हात हवा. मग सहायक ती धरतो किंवा टेबलाला जोडलेला यांत्रिक हात. एकट्याने धरून एका हाताने काम करणारेही आहेत, पण चिकटलेली नस गाठीपासून सोडवताना दोन हातांनी हलका ताण देत काम करणं फार वेगळं असतं.

दुसरी, पाठीमागच्या आंधळ्या जागेची. दुर्बिणीची भिंग टोकाला असते, त्यामुळे टोकापुढचं सगळं दिसतं. पण नळीचा उरलेला भाग लहान मेंदू, रक्तवाहिन्या आणि गिळण्या-बोलण्याच्या नसांच्या शेजारून गेलेला असतो, आणि तो पडद्यावर नसतो. हात किंचित सरकला तर इजा अशा ठिकाणी होईल जे कुणी पाहतच नाही. म्हणून अनुभवी सर्जन दुर्बीण आत-बाहेर करताना सूक्ष्मदर्शकातून तिच्या दांड्यावर लक्ष ठेवतात.

तिसरी रक्ताची. टोकावर रक्ताचा एक थेंब आला की चित्र लाल होतं. थोडं रक्त असेल तर पाण्याने धुऊन चालतं. पण जोराचा रक्तस्राव झाला तर दृश्य जातं ते नेमकं सर्वांत गरजेच्या क्षणी. दिव्यामुळे टोक तापतंही, आणि नसांना उष्णता सोसत नाही, म्हणून मधूनमधून पाणी सोडावं लागतं. नेहमीच्या दुर्बिणीचं चित्र सपाट असतं, खोलीचा अंदाज सरावाने येतो. खोली दाखवणाऱ्या दुर्बिणी आता आहेत, पण हाताची आणि आंधळ्या जागेची अडचण त्यांनी सुटत नाही.

‘एंडोस्कोपिक’ म्हणजे नेमकं काय करणार?

एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि रुग्णाची फसगत इथेच होते.

बहुतेक ठिकाणी मुख्य काम सूक्ष्मदर्शकाखालीच होतं आणि दुर्बीण शेवटी कोपरे पाहायला किंवा टोकातला तुकडा काढायला येते. हा मदतनीसाचा वापर. माझ्या मते आजच्या घडीला यालाच सर्वांत भक्कम तर्क आहे. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेने 2018 मध्ये या गाठीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दुर्बिणीबद्दल एवढंच म्हटलं आहे की दिसण्यात मदत व्हावी म्हणून सर्जनला वाटल्यास त्याने ती वापरावी. वापरलीच पाहिजे असं कुठे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कानामागे दीड-दोन सेंटिमीटरचं छिद्र करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं दुर्बिणीने करायचं. हे करणारी केंद्रं मोजकी. वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी इथे पूर्णवेळ सोबत असतात. मोठी गाठ पोखरायला दोन्ही हात आणि स्वच्छ दृश्य लागतं, त्यामुळे मोठ्या गाठीसाठी या पद्धतीचा आग्रह धरताना शंभरदा विचार करावा.

तिसरी तुलनेने नवी. इटलीतले लिव्हिओ प्रेसुत्ती आणि डॅनिएले मार्किओनी यांच्या गटाने 2010 नंतर ती पुढे आणली. दुर्बीण बाहेरच्या कानाच्या भोकातूनच जाते. पडदा आणि कानातली हाडं काढून, ऐकण्याच्या शंखाचा भाग पोखरून बोगद्यात पोचतात. कवटी उघडावी लागत नाही आणि लहान मेंदूला धक्का लागत नाही. वाचायला हे सर्वांत सोपं वाटतं. पण ऐकणं जातं, म्हणून ज्याच्या त्या कानाची श्रवणशक्ती आधीच निरुपयोगी झाली आहे त्याच्यासाठीच ही पद्धत, आणि तीही लहान गाठ असेल तरच. आता मागचा भाग आठवा: लहान गाठ असेल तर थांबता येतं किंवा किरण देता येतात. म्हणजे ही पद्धत खरोखर लागू पडेल असे रुग्ण थोडेच उरतात. गाठ वाढते आहे, कान गेला आहे, चक्कर हैराण करते आहे किंवा किरण नको आहेत, अशांसाठी तो चांगला पर्याय असू शकतो.

‘पिट्युटरीची गाठ नाकातून काढतात, मग ही का नाही?’

हा प्रश्न हमखास येतो. पिट्युटरी ग्रंथी डोक्याच्या मधोमध, नाकाच्या मागच्या पोकळीला लागून असते. नाकातून सरळ मागे गेलं की ती समोरच येते आणि वाटेत महत्त्वाचं फारसं काही नसतं. कानाची गाठ मध्यापासून बाजूला आणि मागे असते. नाकातून तिकडे जायचं तर मेंदूला रक्त देणारी मोठी रोहिणी आणि डोळा फिरवणारी नस यांना ओलांडावं लागेल. कुठल्याही शस्त्रक्रियेत नसा वाटेत येतील असा मार्ग टाळतात. म्हणून पिट्युटरीतलं दुर्बिणीचं यश इथे जसंच्या तसं लागू होत नाही.

‘छेद लहान म्हणजे त्रास कमी, हे तरी खरं ना?’

काही अंशी. कानामागच्या मार्गाने गेल्यावर काही रुग्णांना पुढे महिनोन्‌महिने डोकं दुखतं. मानेचे स्नायू मेंदूच्या आवरणाला चिकटणं आणि हाडाचा चुरा आत राहणं ही त्याची कारणं मानली जातात. छिद्र लहान ठेवलं, हाड परत बसवलं आणि चुरा नीट धुतला तर फायदा होऊ शकतो. पण हे सगळं सूक्ष्मदर्शकानेही करता येतं. आज चांगल्या केंद्रांमध्ये सूक्ष्मदर्शकाची शस्त्रक्रियाही तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या छिद्रातून होते. मेंदूभोवतीचं पाणी आधी हळूच सोडलं की लहान मेंदू सैल होऊन स्वतःच मागे सरतो, त्याला दाबून धरावं लागत नाही.

आणि त्रासाचा मोठा वाटा आतून येतो. गाठ काढताना तोलाची नस जातेच. पुढचे काही दिवस खोली गरगरते, उलट्या होतात, पाय जमिनीवर ठरत नाही. मग दुसऱ्या बाजूचा कान आणि मेंदू मिळून तोल नव्याने शिकतात. त्यासाठी नजर स्थिर ठेवण्याचे आणि चालण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. वय जास्त असेल तर वेळ जास्त लागतो. छेद दोन सेंटिमीटरचा असो वा पाचचा, हा टप्पा चुकत नाही. चेहरा, ऐकणं, पाणी झिरपणं यांचंही तसंच. कातडीवरची खूण केसांत झाकली जाते. चेहऱ्याला काहीच झाकत नाही.

‘त्यांचे आकडे तर फार चांगले दिसतात’

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांवरचे बहुतेक लेख एकेका केंद्राने आपल्याच जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासून लिहिलेले असतात. नॉर्वेच्या चाचणीसारखे दोन गट पाडून केलेली मोठी तुलना दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांच्यात झालेली नाही. शिवाय पूर्णपणे दुर्बिणीने करायला सर्जन सहसा लहान, सोप्या गाठी निवडतात, आणि लहान गाठीत कुठल्याही पद्धतीने चेहरा वाचण्याची शक्यता जास्तच असते. म्हणून आकडा ऐकला की लगेच विचारावं: या गाठी केवढ्या होत्या? माझ्याएवढी गाठ असलेल्यांमध्ये वर्षभराने चेहऱ्याची पायरी कोणती होती? यात लबाडी असते असं मला म्हणायचं नाही. आपल्या कामाचं चांगलं झालेलं सांगणं स्वाभाविक आहे. पण निर्णय तुमच्या गाठीचा आहे.

‘थोडी गाठ ठेवली म्हणजे ऑपरेशन फसलं का?’

नाही. मोठी गाठ सातव्या नसेला किंवा देठाला घट्ट चिकटलेली असेल तर तिथला पातळ थर जाणूनबुजून ठेवणं आज बऱ्याच तज्ज्ञांना पटतं. शस्त्रक्रिया चालू असताना चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया असतात. नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं. नस तक्रार करू लागली की सर्जन थांबतो. उरलेल्या थरावर एमआरआयने लक्ष ठेवतात, आणि तो वाढला तर किरण देतात. कुशिंग यांनीही आवरण ठेवलं होतं, पण त्यांच्याजवळ एमआरआय नव्हता आणि गामा नाइफही. दुर्बिणीतून कोपऱ्यातला कण दिसला म्हणून तो नसेवरून ओरबाडून काढलाच पाहिजे असं नाही. दिसणं आणि काढणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा घेताना थांबता येणं हे सर्जनचं मोठं कसब.

भेटीला जाताना

‘दुर्बिणीतून करता का?’ याऐवजी ‘दुर्बीण कोणत्या टप्प्यावर वापरता आणि कशासाठी?’ असं विचारा. उत्तरात बोगद्याचं टोक, हवेचे कप्पे, उरलेला कण असे शब्द आले तर समोरच्या माणसाला तिचा उपयोग माहीत आहे. फक्त छेदाची लांबी आणि घरी जायचा दिवस आला तर आणखी खोदून विचारा. वर्षाला अशा किती गाठी काढता, कानाचे आणि मेंदूचे सर्जन दोघे मिळून करता का, चेहऱ्याच्या नसेवर यंत्राने लक्ष ठेवता का, हेही विचारायला संकोच करू नका. सर्जन ज्या पद्धतीत मुरलेला आहे ती त्याच्याकडून करून घेणं सहसा शहाणपणाचं. आपल्या आग्रहाखातर त्याने न रुळलेली पद्धत हाती घ्यावी, असं होऊ देऊ नका.

एमआरआयची सीडी आणि श्रवणतपासणीचा आलेख घेऊन दुसरं मत घ्या. शक्य असेल तर किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांचंही घ्या, कारण प्रत्येकाला आपल्या हातातला उपाय आधी सुचतो. गाठ संथ असल्याने यासाठी बहुधा काही आठवडे मिळतात. अपवाद एकच. डोकेदुखी सतत वाढते आहे, सकाळी उठल्याउठल्या उलट्या होतात, नजर धूसर झाली आहे, चालताना पाय फाकतात किंवा माणूस गुंगीत जातो आहे, असं असेल तर आत पाण्याचा दाब वाढलेला असू शकतो. तेव्हा मतं गोळा करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.